भिंतीवरची भाकर

मित्रांनो, टेकून बसू नका, सदरा पांढरा होईल. मी एक जुनी भिंत आहे, मारेगावकडच्या एका अंगणवाडीची. फार थकले आहे. तरी गोष्ट सांगते. खोटं सांगितलं तर माझा पोपडा पडो!

नवी होते तेव्हा इतकी भक्कम होते, की एक रानडुक्कर मला धडकलं आणि स्वतःचंच डोकं धरून बसलं.

पडला एक पोपडा. वारा होता हो.

मग पांढरकवड्याचा उकंडा पेंटर आला. जन्मभर त्याने ट्रकच्या पाठी रंगवलेल्या. पुस्तकात पाहून त्याने माझ्यावर लालभडक सफरचंद, द्राक्षांचा घड आणि दुधाचा पेला काढला. वर लिहिलं, ‘चांगला आहार’. ते दूध चाटून गावची मांजर गुबगुबीत झाली.

पडला. जाऊ द्या.

आमच्या सेविका बेबीताई रोज विचारत, “चांगलं काय खायचं?” पोरं माझ्याकडे बोट दाखवत. मी फुगून जाई. कौतुकाने की ओलीने, आता आठवत नाही.

पाच वर्षांच्या मैत्रेयीने मात्र ते फार मनावर घेतलं. महिन्याच्या वजनाला तिचा तक्त्यावरचा ठिपका हिरव्यातून पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात, उतरला. तिची आई ममता कापूस वेचायला जायच्या आधी दारात येऊन उभी राहिली.

“बेबीताई, पोरगी घरी काहीच खाऊन नाही राह्यली. भाकर देली, अंबाडीची भाजी देली, तं ताट सरकवते.”

“काहून वं मैत्रेयी?”

“ते भितीवर नाही न, मॅडम.”

ममता हसली, पण डोळे भरलेले. “आता सफरचंद काय कपाशीच्या पऱ्हाटीले लागते का वं, बाई?”

मला वाटलं, एवढी वर्षं उभी राहून मी पोरांना उपाशीच ठेवलं. बेबीताईंनी कपाळावर हात मारून तोच हात माझ्यावर आपटला, आणि माझं सफरचंद अख्खं खाली आलं. मागे उरला चुन्याचा गोल, पांढुरका डाग.

मैत्रेयी पुढे आली. “मॅडम, भाकर!”

“हो वं! जवारीची हाय. भितीच्या पोटातच होती पाह्य.” बेबीताईंनी परसातली अंबाडी आणली. पोरांनी पाला चुरगाळून डागाशेजारी हिरवी भाजी रंगवली. ममताने डबा उघडला. मैत्रेयीने आधी मला पाहिलं, मग भाकरीचा तुकडा मोडला. दुसराही मोडला.

आता ठिपका हिरव्याकडे सरकतो आहे. पुढच्या आठवड्यात मला नवा रंग लागणार, पेंटर पुस्तक घेऊन येणार. मित्रांनो, माझी पाठ दुखते, मला ओरडता येत नाही. तुम्हीच त्याला सांगा, पुस्तक मिट आणि आधी आमच्या चुलीवर काय शिजतं ते बघ.

आणि ते सफरचंद मी मुद्दाम पाडलं बरं का. खोटं असेल तर पोपडा पडो.

बघा. नाही पडला.