हरीकाकांचा होकार

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी मोकळीच आहे, आणि मागे बसलात तर आमच्या हरीकाकांचा आवाज तुमच्यापर्यंत यायचा नाही. जन्मभर कीर्तनात पेटीवर साथ केलेला माणूस. बुवांनी बोलायचं, यांनी मागून जायचं, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवयच नाही. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. देवादिकांची नव्हे, पण देवाला ऐकायला आवडेल अशी आहे.

तर रविवारची दुपार. हरिहर ठोसर, म्हणजे आपले हरीकाका, पडवीत मोबाईल पुढ्यात ठेवून म्हणताहेत, "खूदमिदाख, उर्वी. लॉइस्टर!" घरकामाला येणारी काशी आत नारळ खवत होती. ती विळी सोडून दारात आली.

"काका, ता घसा खरवडल्यासारका काय बोलताव? सुंटीचा काडा करू काय?"

"अगो, डच आहे ते. ऐक म्हणतोय नातीला."

"मंग 'ऐक' म्हना की."

"तिला कळायला नको?"

काशी परत विळीवर जाऊन बसली.

काकांचा सलिल आधी जयगडच्या बंदरावर होता, तिथून रॉटरडॅमच्या बंदरावर गेला. तिकडेच त्याने नारेशी लग्न केलं. नारे आर्मेनियाची. उर्वी झाली ती शाळेत डच बोलायची, आईशी आर्मेनियन. बापाची भाषा मात्र तिच्या वाट्याला आलीच नाही. "मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते, बाबा," सलिल म्हणायचा. काकांना ती डच रिवाजाने 'ओपा' म्हणे. फोनवर ओपा हसायचे, नात हसायची, आणि मग दोघं एकमेकांकडे बघत राहायची.

तेव्हा हेमाकाकू होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, शिकायचीच तर आईची भाषा शिका. मूल आधी तिच्याकडेच धाव घेतं."

"पण पोर राहणार कुठे? बापाच्या घरीच ना? मग डचच बरी."

काकू हसून म्हणाल्या, "तुमचं आपलं कायम बुवांच्या मागून."

काका पुस्तकाने शिकले नाहीत, कानाने शिकले. दोन्ही भाषा त्यांनी फोनवर इतक्या ऐकल्या होत्या की अर्थाच्या आधी त्यांना चाली पाठ झाल्या. काकूंना समजावून सांगायचे, "डच कशी, पखवाजावरच्या थापेसारखी. शब्दाच्या सुरुवातीलाच वजन टाकते. नारेची भाषा उलटी. शब्द अलगद उचलायचा आणि भार शेवटच्या अक्षरावर ठेवायचा, तान समेवर टेकते ना, तसा. पण गंमत बघ. दाराला ती म्हणते 'दुर', डच माणूस 'दर' आणि 'दूर' यांच्या मधलं काहीतरी म्हणतो, आणि आपण दार. तिन्ही घरांना सुतार एकच असावा गो."

"मग कोणत्याही दाराने आत जा, पण लवकर जा," काकू म्हणाल्या. पुढे त्या गेल्या आणि घरात बोलायला मोबाईल तेवढा उरला. काकांनी डचचा नाद सोडला नाही. एका साळुंकीने देवळाच्या दीपमाळेत घरटं बांधलं, अशी एक छोटीशी गोष्ट त्यांनी स्वतः जुळवून डचमध्ये पाठ केली. आज ती सबंध सांगायची होती.

फोन वाजला. पडद्यावर सलिल एकटाच.

"उर्वी कुठाय रे?"

"बाबा, उर्वी आर्मेनियात गेली, येरेवानला. नारेबरोबर."

"सुट्टीला?"

"नाही. तिथल्याच शाळेत घातलीय." सलिल खिडकीकडे बघत बोलत होता. "आमचं जमेना, बाबा. बरेच दिवस चाललं होतं. तुम्हाला उगाच कशाला त्रास, म्हणून बोललो नाही."

काका रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मग तिची डच?"

"विसरेल. मुलं पटकन विसरतात. आत्ताच मी बोललो की उत्तर देत नाही, नुसती बघत राहते."

"आणि मराठी?"

"मराठी तिला कधी येत होती, बाबा."

त्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. काका पेटीवर बसले. बुवांनी कोणतं आख्यान लावलं ते त्यांना कळलं नाही, पण बोटं मागून जात राहिली. लोकांना काही जाणवलं नाही. बुवांनी आरतीनंतर त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, तेव्हा हात जरा जास्त वेळ तिथेच ठेवला, एवढंच.

दुसऱ्या सकाळपासून काकांनी आर्मेनियन धरली, साळुंकीची गोष्ट आता त्या भाषेत सांगायची म्हणून. पण जिभेला आता डचचं वळण पडलेलं. 'ऐक'ला आर्मेनियनमध्ये 'लसिर' म्हणतात, भार 'सिर'वर. काका 'ल' वरच आपटायचे.

"पयल्यालाच कित्याक आपटताव?" काशी भांडी घासताघासता म्हणायची. "दमानं घ्या. शेवटाला बसा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाय, पन आयकू येतंय."

फोन करावा तर सलिल नको म्हणाला. "मी तुम्हाला पुढे केलं असं वाटेल नारेला."

"वाटू दे. तिला काय वाटायचं ते वाटू दे. पोर मला विसरली तर मी कोणाकडे जाऊ?"

सलिलने नारेचा नंबर पाठवला. जन्मात पहिल्यांदा बाप कोणाच्या मागून न जाता पुढे निघाला होता.

भातकापण्या उरकल्या त्या सुमारास काकांनी धुतलेला सदरा घातला, देवापुढे हात जोडले आणि येरेवानला फोन लावला. नारे पडद्यावर आली, ती आधीच आवळलेल्या चेहऱ्याने. काकांनी पाठ केलेलं तिच्या भाषेत म्हटलं. मी उर्वीचा आजोबा. तिला एक गोष्ट सांगू का?

नारे बघतच राहिली. या सासऱ्याच्या तोंडून तिने आजवर 'हॅलो'खेरीज काही ऐकलं नव्हतं. मग ती हळूच "पापिक" म्हणाली. त्यांच्यात आजोबांना तसं म्हणतात. मान फिरवून तिने मुलीला हाक मारली.

उर्वीचे केस कापले होते, पुढचा एक दात पडला होता. तिने फोन हातात घेतला आणि नुसती बघत राहिली.

"लसिर, उर्वी जान," काका म्हणाले. भार बरोबर शेवटी पडला.

एक साळुंकी होती. तिचं घर दीपमाळेत होतं. एक दिवस तिथे दिवे लागले. चौथ्या वाक्याला काका अडले. शब्द येईना. आता ही फोन ठेवणार, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि उर्वी बोलायला लागली.

भरभर, न थांबता. साळुंकीचं पुढे काय झालं ते सांगत होती, की शाळेतलं, की घरातलं, काकांना एक अक्षर कळेना. पण बोलणाऱ्याचा श्वास कुठे पडतो ते त्यांना कळत होतं. जिथे ती श्वास घेई तिथे ते म्हणत, "आयो." म्हणजे हो. ती हसली, तेव्हा तेही हसले. एकदा तिने मागे वळून आई नाही ना ते पाहिलं, फोन तोंडाशी आणला आणि अगदी हळू आवाजात काही सांगितलं. काकाही पुढे वाकले.

मग तिचा आवाज वर चढला आणि वरच थांबला. काहीतरी विचारलं होतं तिने. काकांना तेवढं नक्की कळलं.

"आयो," काका म्हणाले.

उर्वीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मान डोलावली. आणि फोन बंद झाला.

काशी दाराला टेकून उभी होती. "काय इचारलान पोरीनं?"

"ठाऊक नाही गो."

"आनि तुमी हो म्हनालाव?"

"हो म्हटलं."

"मंग आयशीला इचारा तिच्या."

काकांनी मान हलवली. "आईला कळू नये म्हणून तर हळू बोलली ती."

काशी आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. काका पडवीतच बसून राहिले. उन्हं उतरून अंगणातल्या पोफळींच्या सावल्या पायरीपर्यंत आल्या, तरी ते उठले नाहीत.

एवढीच गोष्ट. हरीकाकांनी कशाला होकार दिला ते त्यांना अजून कळलेलं नाही. पण तिकडे लांब, त्या होकाराच्या भरवशावर एक मूल असेल, शाळेला जात असेल, झोपी जात असेल. आज घरी गेल्यावर देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिचीही आठवण करा. उर्वी नाव तिचं. ती काय म्हणाली ते त्याला तरी समजलं असेल.