होकारासाठी एक दाबा

दिगंबर लिमयेने सांगलीची बदली नाकारली. सात वर्षं तो जिच्यासाठी अर्ज करत होता ती बदली त्याने एका मंगळवारी दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी, हुगळीच्या मधोमध, लाँचमध्ये उभं राहून, पूर्ण शुद्धीत आणि पंचेचाळीस साक्षीदारांसमोर नाकारली.

असं काहीही झालेलं नाही. वरचा परिच्छेद नजरचुकीने छापला गेला आहे असं समजावं. दिगंबरही तसंच समजतो, आणि तो तर स्वतः तिथे होता.

तर, दिगंबरला सांगलीची बदली हवी होती. एका सरकारी विमा कंपनीच्या कोलकात्यातल्या एस्प्लनेडच्या ऑफिसात तो तीन वर्षांसाठी म्हणून आला होता, त्याला आता सात वर्षं झाली होती. आली तेव्हा दोन वर्षांची असलेली त्याची मुलगी आभा नऊ वर्षांची झाली होती आणि असं मराठी बोलत होती, की तिकडून आजोबा विचारत, "दिगू, तुमच्याकडे कोण पाहुणे आलेत?"

हे आजोबा म्हणजे दिगंबरचे वडील, श्यामराव. वय अठ्ठ्याहत्तर, सांगलीत एकटेच. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा.

"आली का रे ऑर्डर?"

"नाही, नाना."

"बरं. वरच्या खोलीची खिडकी अडकत होती, ती रंधा मारून घेतली."

पुढच्या रविवारी कडी. त्याच्या पुढच्या रविवारी पंखा. सात वर्षांत त्या खोलीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता नाना आधी मोडतात आणि मग दुरुस्त करतात, असा दिगंबरला दाट संशय होता. पण तो विचारत नसे. विचारलं असतं तर नानांनी खरं सांगितलं असतं.

दोन हजार दहा साली दिगंबरने टचस्क्रीन फोन घेतला. ऑफिसात तसा फोन कुणाकडेच नव्हता. तेव्हाच्या त्या पडद्याला नुसता स्पर्श चालत नसे, टोचावं लागे. बोटाने कितीही प्रेमाने कुरवाळलं तरी तो ढिम्म. त्यासाठी फोनच्या पाठीत एक प्लॅस्टिकची काडी खोचलेली असे. दिगंबर ती काढायचा तेव्हा आजूबाजूची टेबलं गप्प व्हायची, आणि त्याने ती परत खोचली, की सगळ्यांना ऑपरेशन पार पडल्यासारखं वाटायचं.

अकराव्या दिवशी काडी हुगळीत पडली. दिगंबर राहायचा नदीपलीकडे, शिबपूरला, आणि रोज लाँचने बाबूघाटावर उतरून ऑफिसला जायचा. काडी पडली याचं दुःख होतंच, पण ती बराच वेळ तरंगत राहिली, ते जास्त लागलं.

मग त्याने पेनचं टोपण वापरून पाहिलं. काडेपेटीतली काडी वापरली, ती मोडली. बायकोची, सुलभाची, विणायची सुई वापरली, तिने पडद्यावर एक ओरखडा काढला. तो पुढे वर्षभर प्रत्येक फोटोत विजेसारखा चमकत राहिला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या घोषालदांना दया आली. एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कागदाची पुडी उघडली.

"लो, लिमयेदा. इलिश का काँटा. मेरा वाइफ धो के, तीन दिन धूप में सुखाया."

"घोषालदा, मैं शाकाहारी हूँ."

"आरे, आपको कौन खिलाता है? फोन खाएगा."

इलिश म्हणजे बंगाल्यांचा जीव की प्राण असलेला मासा, आणि त्याला काटे इतके, की त्यातला एखादा कधीतरी दूरसंचाराच्या कामी यायचाच. दिगंबरने डोळे मिटून काटा टेकवला. फोन असा चालला, असा चालला, की जणू कारखान्यातून निघाल्यापासून तो याचीच वाट बघत होता.

संध्याकाळी सुलभाने दारातच नाक वर केलं. "अहो, खिशात काय आहे?"

"फोनचं साधन."

"कसलं?"

"हाडाचं."

"कुणाच्या?"

दिगंबरने थोडा वेळ जिन्यातल्या दिव्याकडे पाहिलं. "माशाच्या."

"ते घरात येणार नाही."

"धुतलंय. तीन दिवस वाळवलंय."

"तीन वर्षं वाळवा. आत देव आहेत."

"आणि फोन?"

"त्याला तेच टोचलंत ना? मग तोही बाहेर."

अशा रीतीने लिमये कुटुंबाचा पहिला स्मार्टफोन जिन्यात, चपलांच्या रॅकवर, आभाच्या शाळेच्या बुटांशेजारी राहू लागला. तो वाजला, की घरातलं कुणीतरी लगबगीने दार उघडायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींना वाटायचं, यांच्याकडे फार येणं-जाणं आहे.

एका सकाळी बूट घालता घालता आभाने फोन हाताळला.

"बाबा, फोनमध्ये फुली आली. मी नाही आणली, ती आपली आपण आली."

पडद्यावर खरोखरच फुली होती. पडदा आपल्या जागा विसरला होता आणि त्याला त्या पुन्हा शिकवायच्या होत्या: एकामागून एक पाच फुल्या येणार, प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर टोचायचं, तोवर फोन दुसरं काही करणार नाही. दिगंबरला नऊ वाजून दहाची लाँच गाठायची होती. शहाण्या माणसाने फोन संध्याकाळपर्यंत खिशात ठेवला असता. दिगंबरने लाँचमध्ये डाव्या बाजूचा बाक पकडला आणि काटा काढला. नेमका तेव्हाच वाळूने भरलेला एक बार्ज बाजूने गेला, लाँच त्याच्या लाटेवर डावीकडे कलली आणि बाबूघाट येईपर्यंत पूर्ण सरळ काही झालीच नाही. पाचही फुल्या कललेल्या अवस्थेत टोचल्या गेल्या. फोन म्हणाला, धन्यवाद.

त्या दिवसापासून जमिनीवर फोन चुकायचा. 'एक' दाबला, की त्याच्या खालच्या ओळीतला 'चार' उमटायचा. सगळंच एक ओळ खाली. पडदा पुन्हा शिकवावा म्हटलं तर ते बटण सगळ्यात वरच्या ओळीत होतं. तिथे पोचायला पडद्याच्याही वर, प्लॅस्टिकवर टोचावं लागलं असतं, आणि प्लॅस्टिकला अजून अक्कल फुटलेली नव्हती. सकाळच्या लाँचमध्ये मात्र, नदी जरा हलत असली, की फोन एकदम बरोबर चालायचा. याचं शास्त्र घोषालदांनी विचारलं होतं. दिगंबरने त्यांना आकृती काढून समजावून सांगितलं आणि दोघांनाही कळलं नाही.

संध्याकाळी लाँचमध्ये इतकी गर्दी असे, की हात खिशापर्यंत जात नसे. म्हणून दिगंबरचे सगळे मेसेज सकाळी सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान निघू लागले. काल विचारलेल्याचं उत्तर आज मिळे. लोकांना वाटे, लिमये रात्रभर विचार करतो. ऑफिसात त्याचं वजन वाढलं.

आणि मग तो मंगळवार उजाडला. दुपारी चारला दहा कमी असताना मुख्य कार्यालयाचा मेसेज आला. कंपनीने त्याच महिन्यात बदल्यांचा कारभार कागदमुक्त केला होता. 'सांगली शाखेत पद रिक्त. होकारासाठी १, नकारासाठी २ पाठवा. मुदत आज सायं. ५. उत्तर नोंदणीकृत क्रमांकावरूनच. नकार दिल्यास पाच वर्षे विचार होणार नाही.'

दिगंबरने तो मेसेज तीनदा वाचला. मग काटा काढून 'एक' दाबला. चार. पुन्हा दाबला. चव्वेचाळीस. एकच्या वर टोचावं, तर तिथे नेमका सुलभाच्या सुईचा ओरखडा, आणि त्यावर पडदा बधिर.

त्याने ऑफिसच्या फोनवरून मुंबईला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिमये, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण सिस्टीम माणसाचं ऐकत नाही. तिला एक पाठवा."

"सिम निकालो, मेरे फोन में डालो," घोषालदा म्हणाले. मग त्यांना आठवलं, की त्यांचा फोन बिनसिमच्या जातीचा आहे, आणि बाकीची टेबलं आपापल्या फोनसकट चारच्या चहाला गेली आहेत. "की मुश्किल! भाभीजी का फोन?"

सुलभाचा साधा, बटणांचा फोन शिबपूरला होता. शिबपूरला जायचं तर लाँच, आणि लाँचमध्ये तर आपला फोन चालतोच की! दिगंबर बॅग तिथेच टाकून धावत सुटला.

बाबूघाटावर लाँच लागायला वेळ लागला. सुटली तेव्हा साडेचार उलटून गेले होते. आत नेहमीच्या मानाने तुरळक माणसं, आणि नदी नेमकी त्या दिवशी इस्त्री केल्यासारखी सपाट. 'एक' दाबला. चार. खोडलं. दाबला. चार. चार सत्तेचाळीसला दिगंबरच्या तोंडून मराठीत एक शब्द गेला. तो कुणाला कळला नाही, पण त्याचा आशय सगळ्यांना कळला.

"की होलो, दादा?" पांढऱ्या मिशांच्या एका काकांनी विचारलं.

दिगंबरने सांगितलं. वडील, सांगली, सात वर्षं, पाच फुल्या, पाच वाजता. अर्धं हिंदी, पाव बंगाली, उरलेलं हातवारे. दोन मिनिटांत सबंध लाँच त्याच्याभोवती गोळा झाली. कॉलेजच्या एका मुलीने सुचवलं, फोन तिरका धरा. धरला, सहा आले. एकाने सिम घालायला आपला फोन पुढे केला, पण दिगंबरच्या फोनचं झाकण उघडेना. एक जण म्हणाला, सांगली कशाला, इथे काय वाईट आहे? त्याला बाकीच्यांनी गप्प केलं: माणसाचा बाप वाट बघतोय. मिशीवाल्या काकांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"सकाळी लाँच कोणत्या बाजूला कलते?"

"डाव्या."

काकांनी हात वर केला. "सोबाई बाँ दिके!"

पंचेचाळीस माणसं, दोन सायकली आणि एक कोंबड्यांची पाटी डाव्या बाजूला सरकली. लाँच करकरली आणि कलली. वरून लाँच चालवणारा सारंग ओरडला, की ही काय सर्कस आहे का. काका त्याच्यावर ओरडले, की एका माणसाची बदली चालली आहे, तू सुकाणू धर. ते ऐकून सारंगनेही सुकाणू थोडं डावीकडे दिलं.

"आता!"

दिगंबरने सांगलीच्या गणपतीचं नाव घेतलं आणि 'एक' दाबला.

पडदा हलला नाही. त्या काळचे फोन असेच. सांगितलेलं ऐकायचे, पण सवडीने. एक्कावन्न झाले. "पाठाओ, पाठाओ!" लाँच ओरडली. दिगंबरने पाठवण्याचं बटण दाबलं. आणखी काही सेकंद गेले. मग फोनला एकाएकी सगळं आठवलं, आणि त्याने ते क्रमाने दाखवलं. आधी आकडा: २. मग: पाठवले. मग मुंबईहून, वीज चमकावी तसं: 'आपला नकार नोंदला आहे. आभारी आहोत.'

लाँचमध्ये फक्त कोंबड्या बोलत होत्या.

"सकाळी आपण तिकडून इकडे येता ना?" कॉलेजची मुलगी हळूच म्हणाली. "म्हणजे सकाळची डावी बाजू उत्तरेला. आत्ताची दक्षिणेला."

पंचेचाळीस माणसं एकेक करून आपापल्या जागी परत गेली. लाँच सरळ झाली. मिशीवाल्या काकांनी शिबपूर येईपर्यंत दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि उतरताना म्हणाले, की चूक त्यांची आहे, ते आयुष्यभर बंदरात नोकरीला होते, त्यांना दिशा कळायला हव्या होत्या.

सुलभाने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि त्याला फोनसकट आत घेतलं. मेसेजचं घोषालदांनी तिला फोन करून सांगितलं होतं.

"दोन दाबलंत?"

"एक दाबला. गेला दोन."

तिने त्याला पाणी दिलं. मग स्वतःचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "नानांना तुम्हीच सांगा. रविवारपर्यंत ठेवू नका."

नानांनी सगळं ऐकलं. लाँच, लाट, कोंबड्यांची पाटी, सगळं. मधे एकदाही हसले नाहीत, आणि त्याचीच दिगंबरला भीती वाटत होती.

"म्हणजे अजून पाच," नाना म्हणाले.

"तुम्ही इकडे या ना, नाना. कायमचे."

"मी? छे. मला कृष्णेशिवाय दुसरं पाणी पचत नाही. तुला ठाऊक आहे." मग त्यांनी हिशेब केला. "पाच म्हणजे त्र्याऐंशी. बघू. त्र्याऐंशी काही फार नाही."

दिगंबरने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात वेळेआधी गेला, कपाटातून कंपनीचा जुना, कागदयुक्त जमान्यातला कोरा कागद काढला आणि एकटाकी लिहिलं:

'प्रति, मा. महाव्यवस्थापक (कार्मिक), मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय: सांगली शाखेच्या बदलीबाबत.

महोदय,

प्रचलित नियमांनुसार निम्नस्वाक्षरीकाराची सांगली येथे बदली होणे पुढील पाच वर्षे शक्य नाही, हे मान्य आहे. तथापि शाखेची बदली अधिकाऱ्याच्या ठिकाणी करण्यास नियमांत कोठेही मनाई आढळत नाही. सबब, सांगली शाखेची कर्मचारी, कपाटे व तिजोरीसह कोलकाता येथे प्रशासकीय कारणास्तव तात्काळ बदली करण्यात यावी. शाखेसोबत एक ज्येष्ठ नागरिक (वय ७८) यांस परिचर म्हणून प्रवासास अनुमती मिळावी. सदर नागरिकांच्या पचनाची अडचण विचारात घेता, कृष्णा नदीचा किमान आयर्विन पुलालगतचा भाग हुगळीच्या पश्चिम तीरी, शिबपूर घाटाशेजारी, वर्ग करण्याबाबत संबंधित खात्यास आपल्या स्तरावरून कळवावे, ही नम्र विनंती.'