ओल्या पुठ्ठ्याचा वास

हॉटेलात मला सगळे नाकेश्वर म्हणायचे. एकतीस वर्षं मी पाहुण्यांना वाईन निवडून दिली. बाटली उघडल्यावर बूच नाकाशी धरून मी नुसती मान हलवली, तरी बाटली परत जायची आणि मालकसुद्धा कारण विचारत नसत. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. शेजारी दूध करपलं तरी मला कळेना. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला आठच महिने उरले होते, ते मी रंग बघून आणि बाटलीवरचं लेबल वाचून रेटले. कुणाला सांगितलं नाही.

मग भाचीचं लग्न ठरलं. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक, घरात तिला ठकी म्हणतात. लहान असताना मी तिच्या डोळ्यांना रुमाल बांधून नाकाखाली एकेक डबी धरायचो. लवंग, साबण, बुटाचं पॉलिश. पोरगी एकदाही चुकायची नाही. पुढे तिने रीतसर वाईनचं शिक्षण घेतलं, आणि लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती माझ्याच हॉटेलात, माझ्याच जागी रुजू व्हायची होती.

"रिसेप्शनची वाईन तूच निवडायचीस, मामा," ती म्हणाली.

"अगं, आता शिकलेली तू. तूच निवड की."

"नवरीने स्वतःच्याच लग्नात राबायचं? आई मला कच्चं खाईल."

खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. मी मात्र कोट चढवला आणि तिच्याबरोबर दुकानात गेलो.

दुकानदाराने पाच ग्लास मांडले. मी ग्लास फिरवले, डोळे मिटले, नाक आत घातलं. सगळं नाटक. त्याने साधं पाणी ठेवलं असतं तरी मला फरक पडला नसता. तिसऱ्या ग्लासातल्या वाईनचा रंग सुरेख होता, आणि दुकानदारही तिच्याबद्दल भरभरून बोलत होता. "हीच," मी म्हणालो.

ठकीने तो ग्लास नाकाशी नेला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "मामा, हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. बूच खराब आहे का?"

बूच बिघडलं की वाईनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हे तिला मीच शिकवलं होतं. 'दुसरी बाटली उघडा,' एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. दुकानदार माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं, पडलं आपलं पितळ उघडं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"ओला पुठ्ठा म्हणे! अगं, जुन्या लाकडी पिंपाचा वास आहे तो. पुस्तकं वाचून नाक तयार होत नसतं, ठके."

दुकानदार हसला. मीही हसलो. ती लालबुंद झाली, तिने पुन्हा वास घेतला आणि हळूच म्हणाली, "तू म्हणतोस तर तसंच असेल." आम्ही त्याच वाईनच्या चाळीस बाटल्या सांगून आलो.

आठवड्याने बहिणीचा फोन आला. "दादा, ठकी म्हणते, वाईनचं काम नको. हॉटेलला तसं पत्र देणारे. चौकशीच्या टेबलावर बसेन म्हणते. 'मला नाकच नाही गं, आई,' म्हणाली. तू समजाव ना, तुझं ऐकते ती."

मी मूग गिळून बसलो. लग्नाच्या गडबडीत असं होतं, असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती.

रिसेप्शन दुपारचं होतं. तासाभरात टेबलांवर ग्लासच ग्लास दिसू लागले, जवळजवळ भरलेले. लोक एक घोट घ्यायचे आणि पाण्याकडे वळायचे. नवऱ्यामुलाच्या आत्याने तर, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" असं औषधासारखं विचारलं. आणि ठकी प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगत होती, "मुरलेली आहे, सवय व्हावी लागते जरा. मामाने निवडलीय." एका टेबलाशी तिने स्वतः अख्खा ग्लास रिकामा केला. कपाळावर आठीसुद्धा येऊ दिली नाही. माझी अब्रू राखायला ती तसली वाईन पीत होती आणि मी कोपऱ्यात टाय सारखा करत उभा होतो.

मला ते बघवेना. मी तिला मागच्या खोलीत नेलं. उरलेल्या बाटल्यांचे खोके तिथेच होते.

"ठके, मला वास येत नाही."

"सर्दी झालीय?"

"दोन वर्षं झाली. त्या तापापासून. दुकानात मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ते लपवायला मी तुला परक्या माणसासमोर खाली बघायला लावलं."

ती चिडेल किंवा रडेल असं वाटलं होतं. ती हातातल्या ग्लासाकडे बघत राहिली.

"म्हणजे मला बरोबर वास आला होता?"

"बरोबरच."

"मामा, काल पत्र दिलं मी."

"मी उद्या मालकांकडे जातो. सगळं खरं सांगतो."

 तिने ग्लास मोरीत ओतला, बांगड्या वर सारल्या आणि म्हणाली, "बाटल्या उघड."

मी उघडत गेलो. ती प्रत्येक बूच नाकाशी धरायची, मग बाटलीचं तोंड. "ही ठीक. ही नाही. ही पण नाही." त्या खेपेतली निम्मी बुचं खराब निघाली. बाहेरून नवऱ्याने दोनदा हाक मारली. "थांब रे," ती म्हणाली. चांगल्या बाटल्या वेटर बाहेर नेत होता, वाईट मी भिंतीशी लावत होतो. ती एकदाही चाचरली नाही.

कितव्या बाटलीला कोण जाणे, जुन्या सवयीने मी बूच काढलं आणि माझ्याच नाकाशी नेलं.

तिने माझ्या हातातून ते काढून घेतलं. "मामा, तू नको."

मग वास घेऊन म्हणाली, "ही नाही," आणि मी ती बाटली भिंतीशी नेऊन ठेवली.