शंभर वॅट आणि एक माफी

मी एक जुना हॅम रेडिओ आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगतो आहे. मला मान नाही. तरीही घातली आहे.

मित्रांनो, साधा रेडिओ नुसता ऐकवतो. माझ्यासारखा संच ऐकवतो आणि बोलणंही पोचवतो. परीक्षा देऊन परवाना मिळवलेली हौशी माणसं माझ्यातून दूरवर आवाज पाठवतात. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर ‘शंभर वॅट’ असं छापलेलं होतं. माझं कूळ, शिक्षण आणि अब्रू, सगळं त्या दोन शब्दांत आलं.

मला एका टेलरमास्तरांनी घेतलं. कापड बेतायच्या टेबलावर, इस्त्रीपासून हातभर अंतरावर मला जागा मिळाली. मास्तरांचे दादा डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरीला. तिथे फोन लागत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी नऊला दोघे भाऊ हवेतून बोलत. वीस वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. “खणखणीत येतोय रे,” असं दादा म्हणाले की मी इस्त्रीकडे बघायचो. इस्त्रीला कधी कोणी खणखणीत म्हटलं नव्हतं.

मग कोटाचं प्रकरण झालं. दादांना त्यांच्या मुलीच्या लग्नात घालायला म्हणून मास्तरांनी कोट शिवून पाठवला. त्याची एक बाही चार बोटं लांब निघाली. दादांनी हसतहसतच तक्रार केली, पण मास्तर तडकले. “कोट बरोबर आहे. तुझेच हात लहानमोठे आहेत,” असं म्हणून मोकळे झाले. हवेतलं बोलणं ज्याला हवं तो ऐकू शकतो, आणि त्या दिवशी बऱ्याच जणांना ते हवं होतं. पुढच्या रविवारी एका अनोळखी माणसाने मध्येच येऊन दादांच्या हातांची आपुलकीने चौकशी केली. दादा लग्नभर हात पाठीमागे धरून उभे होते म्हणे.

महिन्याभराने मास्तरांनी मापाची वही उघडली. एका बाहीचं माप दादांचं होतं. दुसरीचं खालच्या ओळीतल्या गिऱ्हाइकाचं, आणि ते गिऱ्हाईक शिडी न घेता पंखे पुसायचं.

मास्तरांनी माफी मागायचं ठरवलं. रविवारी माइकचं बटण दाबलं, बोलले. एरवी शंभराकडे झेपावणारा माझा वॅटचा काटा पाचापर्यंत उठला आणि दमून खाली बसला. दादांचा आवाज मात्र मला स्वच्छ ऐकू येत होता. कोणीतरी बटण दाबतंय पण बोलत नाही, असं ते सांगत होते. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, “पुढच्या खेपेलाही गप्प राहिलास तर मी समजेन की तुला बोलायचं नाही. मग माझ्याकडचा रेडिओ शाळेला देऊन टाकतो.”

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन सख्ख्या भावांच्या मध्ये मी, आणि अंगात पाच वॅट. इस्त्रीच्या नजरेला नजर देववेना.

मास्तरांनी वीज तपासली, केबल बदलली, गच्चीवरच्या अँटेनाचे सांधे घासून काढले. काटा पाचावरच. शेवटी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. त्यांनी भर दिवसा माझं झाकण काढलं आणि माझ्या पोटातून अकरा टाचण्या, एक बटण आणि मास्तरांच्या बायकोचं हरवलेलं, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढून ओळीने मांडलं. परक्या माणसासमोर इतकी शोभा माझी कधी झाली नव्हती. मग बाईंनी माइक धरून सणसणीत शिट्टी घातली. काटा शंभरावर. मला वाटलं, झालं, आपण बाहेरच्यांशी गोड आणि घरच्यांशी कडू अशा जातीचे निघालो.

“आता तुम्ही बोला,” बाई म्हणाल्या. “रविवारी बोलता तसं.”

मास्तरांनी दाराकडे पाहिलं, हनुवटी छातीत खुपसली आणि शर्टाच्या खिशाला सांगावं तसं ते म्हणाले, “दादा, चुकलं माझं.”

काटा पाच.

बाईंनी काट्याकडे बोट दाखवलं. “मास्तर, हा आवाजावर चालतो. जेवढा तुमचा गळा, तेवढी याची ताकद. संच ठणठणीत आहे. अशक्त आहे ती तुमची माफी.”

मोठ्याने बोललं तर सगळ्यांना ऐकू जाईल, असं मास्तर पुटपुटले.

“भांडण सगळ्यांना ऐकू गेलंच होतं की,” बाई म्हणाल्या, आणि झाकण लावून निघून गेल्या.

रविवारी नऊला मास्तर उभे राहिले. पहिला प्रयत्न पाच वॅटचा झाला. मग डोळे मिटून, उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकावर ओरडतात त्या आवाजात ते म्हणाले, “दादा, चूक माझी होती. माप मी चुकवलं. तुझे हात सारखे आहेत.”

काटा शंभर.

“खणखणीत येतोय रे,” दादा म्हणाले. “पण मध्ये जरा खरखर झाली. शेवटचं परत सांग.”

मास्तरांनी परत सांगितलं. पुन्हा खरखर झाली म्हणे. मास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा दादांचं हसू ऐकू आलं.

मित्रांनो, घरातला जुना संच कमी पडतोय असं वाटलं, तर त्याचं पोट फाडण्याआधी एकदा तोंड उघडून नीट बोलून बघा. आणि त्याच्यावरची धूळ पुसत जा. टाचण्या तर मुळीच जवळ ठेवू नका.

एक मात्र सांगायला हवं. त्या दिवशी खरखर अजिबात नव्हती. पण मी तो आळ मुकाट्याने अंगावर घेतला. एवढी एकच शरम आहे, जी मी हौसेने बाळगतो.