पाठ असलेलं माप

शिंप्याच्या बायकोनं लेझरनं पोट कमी करून घ्यायचं ठरवलं, ते काही नटण्यामुरडण्यासाठी नाही. नवऱ्याचं आपल्याकडे लक्ष जावं, एवढंच. दिवसभर गावच्या बायकांची मापं घेणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बायकोला शेवटचा टेप लावला, त्याला दहा वर्षं झाली. माप पाठ होतं, कपडे बिनचूक बसत, मग तक्रार तरी कशाची करणार, कप्पाळ!

"बहिणीकडे जाते," असं सांगून ती आठ वेळा क्लिनिकला जाऊन आली. 'बहीण कशी आहे?' असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

क्लिनिकमधली मुलगी तिच्या पोटावर पट्टे बांधायची, त्यांतून कोमट लाल उजेड यायचा. दुखणं नाही, खुपणं नाही. पण त्याआधी ती मुलगी कमरेला टेप लावायची. "ताई, श्वास सोडा. पोट आत घेऊन मला फसवू नका हं!" खोटं कशाला बोला, त्या गार बोटांची शिंप्याची बायको आठवडाभर वाट बघायची.

शेवटच्या दिवशी मुलगी ओरडलीच, "सहा सेंटीमीटर, ताई!"

घरी येऊन तिनं कापड त्याच्या टेबलावर ठेवलं. "ड्रेस शिवा. माप घेऊन शिवा."

"अगं, तुझं माप मला झोपेत विचार," म्हणत त्यानं खडूनं रेघ ओढलीसुद्धा.

तीन दिवसांनी ड्रेस घालून ती मुद्दाम त्याच्या मशीनपुढे उजेडात उभी राहिली. कमरेत नुसता झोळ. आता बघेल, आता तरी विचारेल.

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. मुरलेला कारागीर तो, झोळ लगेच दिसला. कपाळाला आठ्या पडल्या.

"छे! माझा हात चुकला की काय?"

तिनं दोन्ही हात जरा वर धरले. टेप त्याच्या गळ्यातच लोंबत होता.

"काढून ठेव. दोन्ही बाजूंनी टीप मारून देतो."

"माप नाही घेणार?"

"कशाला? दोन बोटं आत घेतली की झालं." आणि मशीन पुन्हा खडखडायला लागलं.

ती आत जाऊन रडली, मनसोक्त रडली. दुसऱ्या दिवशी तिनं क्लिनिकला फोन लावला.

"दंडांचंही करता ना हो?" आणि जरा थांबून, "आधी माप घ्याल ना?"