दोरीवर वाळत घातलेले डोंगर

मी एक जुना ईझल आहे. चित्र काढताना कागदाची फळी जिच्यावर टेकवतात, ती तीन पायांची लाकडी घोडी म्हणजे मी. मित्रांनो, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तुम्ही माझे भाऊबंद पाहिले असतील. त्यांच्या अंगाला मासळीचा वास येत नसेल. माझ्या अजून येतो, कारण माझा जन्म गोराईच्या एका मोडलेल्या होडीतून झाला.

ती होडी बळवंत मास्तरांच्या वडिलांची. मुलगा समुद्रावर जायचे सोडून बोरिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवायला निघाला, तेव्हा वडील बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे होडी मोडीत निघाली आणि त्यांनीच तिच्या फळ्या काशीराम सुताराकडे नेऊन मला घडवून घेतले. काशीरामने आधी ईझल पाहिलाच नव्हता. त्याने मला होडीसारखाच भक्कम ठोकला. म्हणून मी जड आहे, पण वाऱ्याने हलत नाही.

मी घरात आलो त्या दिवशी मास्तरांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, "अवो, या घोडीला आधी धुवून काढा. नाय तर मांजरं बसतील समोर, चित्र बघायला."

सगुणाबाई बोंबील सुकवायच्या. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या बांधायच्या आणि बोंबलांच्या जोड्या त्यावर टांगायच्या. हाताला कोरडे लागले तरी त्या माल लवकर उतरवत नसत. आत ओल राहिली तर सगळा माल जातो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

दर मे महिन्यात मास्तर मला घेऊन माथेरानला जायचे. तिथे चित्रकारांचे शिबिर भरते. आठवडाभर सगळे दरीच्या कडेला बसून जलरंगात चित्रे काढतात आणि शेवटच्या दिवशी तिथल्या सभागृहात प्रदर्शन लागते. माथेरानात मोटारी जात नाहीत. मला घोड्यावर बांधून वर नेत. माझ्या पायांना लाल माती लागायची आणि मला नव्या चपला मिळाल्यासारखे वाटायचे.

मास्तरांचे डोंगर समुद्रासारखे असत. दरीतून वर चढणारे ढग ते भरतीच्या पाण्यासारखे रंगवायचे.

"हा डोंगर आहे की समुद्र?" एका पाहुण्याने विचारले होते.

"एकच आहे," मास्तर म्हणाले. "इथे पाणी वर यायला जरा उशीर लागतो, इतकंच."

लोक हसायचे, वाहवा करायचे. कोणी चित्र मागितले की मास्तर देऊन टाकायचे. त्यामुळे आपली सगळी चित्रे एका भिंतीवर एकत्र त्यांनी कधीच पाहिली नाहीत.

मग घरात एक गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी पडवीत ट्यूबलाइटखाली मला मांडून बसले की मास्तर म्हणायचे, "ही ट्यूब मंद झाली रे."

त्यांचा मुलगा निमेश नवी ट्यूब आणायचा. थोड्या महिन्यांनी मास्तर पुन्हा तेच म्हणायचे. निमेश पुन्हा ट्यूब बदलायचा. "बाबा, दुकानदार आता मला ट्यूबवाला म्हणतो," असे म्हणून तो हसायचा. मास्तर दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, तेव्हा सगुणाबाई विचारायच्या, "चालतांव काय नाचतांव?" आणि घरातले सगळे हसायचे. मी ट्यूबखालीच उभा होतो. ट्यूब मंद नव्हती.

बोरिवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायला खूप उशीर झाला. काचबिंदू होता. नजर कडांकडून मिटत आली होती. मास्तरांना बांबूच्या नळीतून पाहावे तसे फक्त मधले दिसत होते. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

मास्तर रडले नाहीत. ते म्हणाले, "या मे महिन्यात मला माथेरानला न्या."

शिबिर चालवणाऱ्या दीप्तीताईंनी त्यांना सभागृहाची एक अख्खी भिंत दिली. या वेळी सगुणाबाईही सोबत आल्या. मास्तरांना त्या हाताला धरून दरीच्या कडेला आणून बसवत. नळीतून पाहावे तसे ते एकेक तुकडा पाहत आणि एकेक तुकडा रंगवत. कधी ब्रश कागद सोडून माझ्या लाकडावर उतरायचा. आठवडाभरात सारी भिंत भरेल इतकी चित्रे झाली.

"उद्या लागली की मी मागे उभा राहीन," मास्तर म्हणाले. "अगदी मागच्या भिंतीला टेकून. लांबून नळीत जास्त मावतं. सगळी एकदम बघीन. मग गेले डोळे तर गेले."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी सगुणाबाईंनी खोलीतली चित्रे हातात घेतली. डोंगरावरच्या दमट हवेत कागद गार लागत होते. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिले. बाहेर स्वच्छ ऊन होते. त्यांनी अंगणातल्या जांभळाच्या झाडापासून माझ्या वरच्या दांड्यापर्यंत दोरी बांधली आणि सगळे डोंगर ओळीने चिमट्यांनी टांगले. मग समोरच्या सभागृहात दीप्तीताईंबरोबर खिळ्यांच्या जागा ठरवायला गेल्या. मास्तर सभागृहाच्या ओट्यावर बसले.

मित्रांनो, गोराईत मे महिन्याचे ऊन दिवसभर दगा देत नाही. माथेरानात ते एका क्षणात जाते.

दरीतून ढग चढला. आवाज न करता अंगणात आला. दोरीवर थेंब जमले. चित्रांतले निळे हिरव्यात उतरले, हिरवे लाल मातीवर ठिबकू लागले. मला तीन पाय आहेत, पण मी धावू शकत नाही. मला तोंड नाही. मी दोरी घट्ट धरून उभा राहिलो. तेवढेच मला येत होते.

ओट्यावरून मास्तरांचा आवाज आला. "सगुणा, उजेड गेला गो."

सगुणाबाई बाहेर आल्या.

"आत्ता दिसत होतं. आता नळीतपण काय नाय. सगळं पांढरं." मास्तरांनी डोळे चोळले. "एक दिवस पण नाय थांबले गो डोळे?"

"डोळे नाय गेले," सगुणाबाई म्हणाल्या. "ढग हाय हा. मना पण काय दिसत नाय."

"ढग हाय? खरंच?"

"खरंच."

मास्तर हसले. किती महिन्यांनी मी ते हसू ऐकले. "ढग हाय! मग ठीक. मी तर घाबरलोच होतो."

सगुणाबाईंना दोरी आठवली. मग त्या धावत आल्याचा आवाज मी ऐकला.

कागद हातात येताच त्या माझ्या पायाशी बसल्या. मास्तर भिंत चाचपत त्यांच्यामागे आले.

"मी दोरीवर घातली होती," सगुणाबाई म्हणाल्या. "आतून ओली वाटली."

"कागद होते ते. बोंबील नव्हते." मास्तर हळूच म्हणाले. त्यांनी एकेका कागदावरून बोट फिरवले. बोटाला सगळ्या डोंगरांचा मिळून एकच मातकट रंग लागला.

दीप्तीताईंनी समजूत काढली. "सर, हीच लावू या ना. आजकाल लोकांना असंच आवडतं. मस्त ॲबस्ट्रॅक्ट वाटतंय."

"नको ताई. हे मी बघितलेलं नाही. बघितलं होतं ते वाहून गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला दरीच्या कडेला मांडले आणि कोरा कागद लावला. निदान एक तरी चित्र व्हावे म्हणून. ढग हलला नव्हता.

"काय दिसतं?" मास्तरांनी सगुणाबाईंना विचारले.

"पांढरं."

"अजून?"

"पांढरंच हाय."

प्रदर्शन उघडेपर्यंत ते ओला ब्रश हातात धरून बसले. कागद कोराच परत आला. सभागृहातल्या त्या भिंतीवर फक्त खिळे होते आणि खाली मास्तरांच्या नावाची पट्टी. एका पाहुणीने कौतुकाने विचारले, "वा, यांची सगळी विकली गेली का?"

"ढगानं नेली," सगुणाबाई म्हणाल्या.

दिवाळीच्या आधीच मास्तरांची नजर पूर्ण मिटली. आता संध्याकाळी दोघे पडवीत बसतात. मास्तर विचारतात, "खाडी कुठल्या रंगाची हाय?" सगुणाबाई सांगतात. कधी त्यांना शब्द सापडत नाही. माथेरानचे नाव त्यांच्यात कोणी काढत नाही. माझ्या दांड्यावर दोरीचा वळ आहे आणि बिजागरी गंजली आहे. निमेश तिला तेल घालीन म्हणतो आणि विसरतो.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. लाकूड पुन्हा उभे करता येते. पण तुमच्या घरात कोणी म्हणाले, की आज उजेड कमी वाटतो, तर हसू नका. दिवा बदलायला स्टुलावर चढू नका. त्या माणसाचा हात धरा आणि त्याच आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

आमच्या पडवीतली नवी ट्यूब अजून लख्ख जळते. तिच्याखाली मी उभा असतो, आणि माझ्यावर कागद नसतो.