दोन्हीकडची आई

क्रूस रोवून झाला, पण वोर्शिलानं उभं कुठं राहायचं ते कुणालाच ठरवता येईना. बोहेमियातली ही जुनी रीत. खून जिथं झाला तिथंच, वाटेच्या कडेला, मारणाऱ्यानं आपल्या हातानं दगडी क्रूस घडवायचा आणि ज्यानं मारलं ते हत्यारही त्यावर कोरायचं. मग एका बाजूला मारणाऱ्याची माणसं, दुसऱ्या बाजूला मेलेल्याची. मेलेल्याकडून हात पुढं आला की वैर मिटलं. मारणाऱ्यानं प्रायश्चित्त म्हणून अनवाणी रोमच्या यात्रेची वाट धरायची. हात आलाच नाही तर फास.

आता मारणारा मात्येय आणि मेलेला शिमोन, दोघंही वोर्शिलाच्याच पोटचे. बांधावरून जुंपली आणि थोरल्यानं नांगराचा फाळ धाकट्याच्या डोक्यात घातला. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईनं करावं तरी काय?

"तू मात्येयकडं राहा," मुखिया प्रोकोप म्हणाला. "शिमोनच्या वतीनं हात मी देतो."

"तो जिवंत होता तेव्हा दारात उभं केलं नाहीत त्याला. आता कुठला पुळका आला, प्रोकोपबाबा?"

ती शिमोनच्या बाजूला गेली. आपण नाही तर त्या लेकराचं आहे कोण, एवढंच तिच्या मनात होतं. पलीकडं मात्येय एकटा उभा. कोरलेल्या फाळाकडं न बघता तिनं क्रूसावरून हात पुढं केला. लोकांनी सुस्कारा सोडला. पोरगा फासातून सुटला.

दगड फोडून सोललेल्या हातानं मात्येयनं तिचा हात घट्ट धरला. "आई, माफ केलंस ना?"

"शिमोननं केलं. हा हात त्याचा."

"आणि तू?"

"तुझी आई तुझ्या बाजूला उभी असती. बघ मागं, आहे का कुणी?"

त्यानं खरंच मागं वळून बघितलं. मग खाली मान घालून चालू लागला. रोमला गेलेला त्या गावात आजवर कुणी परतला नव्हता.

तो वळणाआड गेला, लोक पांगले. तेव्हा वोर्शिला क्रूसाला वळसा घालून त्या रिकाम्या बाजूला आली आणि दिवस मावळेपर्यंत तिथं उभी राहिली. मात्येयला हे कधीच कळलं नाही.